परड्यातली भारंगी: श्रावणापर्यंतची नोंद

मंडळी, भारंगीने, म्हणजे आपल्या पावसाळी रानभाजीच्या झुडपाने, यंदा जीव धरला. गडग्याकडेच्या उन्हातल्या रोपांना मृगाच्या सरींबरोबर फूट आली, कलमी झाडाखालच्या सावलीतली जरा मागाहून उठली. दोन्हीकडे मुद्दामच लावली होती. उन्हातलं पान आखूड, जाड, गडद हिरवं, कडेचे दाते बोटाला लागतात. सावलीतलं लांबरुंद नि मऊ. पेरावर तीन-तीन पानांचा फेर मात्र दोन्हीकडे सारखाच.

जमीन आपली नेहमीची जांभ्याची, आम्लधर्मी. रत्नागिरीकडचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस भारंगीला चालतो, मुळाशी तुंबलेलं पाणी नाही. म्हणून उतारावर लावावी. खताला कुजलेला पातेरा पुरला.

आता अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या मुक्त कणांना (फ्री रॅडिकल्सना) निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांचं. भारंगीच्या पानांत अशी फिनॉलिक द्रव्यं आणि त्यांतलाच एक गट, फ्लॅव्होनॉइड, असतात. प्रयोगशाळेत डीपीपीएच या चाचणी-रसायनाचं जांभळं द्रावण अशा अर्काने पिवळं पडत जातं, त्यावरून अँटिऑक्सिडंटचा जोर मोजतात. ही परीक्षानळीतली गोष्ट झाली. भाजी खाऊन दमा जातो असं कुणी समजू नये. पण फ्लॅव्होनॉइड हे झाडाचं अतिनील किरणांपासूनचं संरक्षणही असतं, त्यामुळे उघड्या उन्हात ते सहसा वाढतात. म्हणून माझा कल उन्हातल्या पानांकडे, कडू तर कडू!

आणि आपण काय करतो? पानं रटारटा उकडतो, करकचून पिळतो आणि पाणी मोरीत. यातली बरीच द्रव्यं पाण्यात उतरणारी, म्हणजे भाजीच्या आधी तीच गेली. मी आता शेंड्याची कोवळी पानंच खुडतो, बारीक चिरून एक उकळी देतो, हलकेच पिळतो. मग कांदा, भिजवलेले कडवे वाल, वर सढळ हाताने ओलं खोबरं. कडवटपणा राहतो. आई म्हणते, ‘औषध म्हणून वाढ, भाजी म्हणून नको.’ तांदळाच्या भाकरीबरोबर मला तरी आवडते.

फुलं आलीत: फिकट निळी, खालची पाकळी गडद, पुंकेसर लांब वाकून बाहेर. फुलांची भाजी यंदा नाही, फळं धरायची आहेत. औषधाला मूळ लागतं, त्यापायी सड्यावरची (कातळाच्या माळावरची) झाडं समूळ उपटली जातात. शेंडा खुडला तर उलट फांद्या फुटतात. फळं काळी-जांभळी पिकली की बी काढून ठेवीन. छाट कलमं कुणाची जगली असतील तर कधी लावलीत तेवढं सांगा.