चोडणची तयारी

आजचा अख्खा दिवस रविवारच्या चोडणच्या (गोव्यातलं एक बेट) बेतात गेला. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की पलीकडे धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. पसारा जेमतेम १.७८ चौ. किमी, बहुतेक सगळी खारफुटी. म्हटलं, यात ठरवायचं काय एवढं?

घोडं अडलं ते भरती-ओहोटीवर. होडी आतल्या खाडीत शिरायची तर पाणी हवं, आणि चिखलात चोची खुपसत फिरणारे पक्षी बघायचे तर पाणी उतरलेलं हवं! पणजीची मावशी फोनवर म्हणाली, "गो, भरती उतरायला लागली की शिर, दोन्ही मिळेल. पण परत कधी फिरायचं ते होडीवाल्याला आधी विचार, नाहीतर चिखलात रुतून बसाल." मग भरतीचं कोष्टक घेऊन बसले.

नवऱ्याला खंड्याचे फोटो हवेत, लेकीला निवटी. कल्ल्यांत पाणी धरून चिखलावर उड्या मारणारा मासा बघायला मिळणार म्हटल्यावर पक्ष्यांचं कुणाला पडलंय? (मी लेकीच्या पक्षात.) नवऱ्याचा भडक लाल टी-शर्ट मात्र बॅगेतून गुपचूप काढून ठेवलाय.

दुर्बीण एकच आहे, भांडणं ठरलेली. कुणाकडे जास्तीची असेल तर रविवारपुरती द्या ना!