आमची वाटचाल : आंबवणीच्या पिंपांपासून

लंडनच्या पश्चिमेला स्लाउ येथे आमचा छोटा कारखाना आहे. दोन खोल्या, काही पिंपे, दोन शीतकपाटे आणि माझ्यासह माझी पोलिश भागीदार, एवढाच त्याचा पसारा. आम्ही तयार जेवण विकत नाही. परदेशात राहून घरी पोलिश स्वयंपाक करणाऱ्यांना मनासारखे मिळत नाही तेवढेच आम्ही बनवतो, आणि ते जवळजवळ सगळे आंबवलेले असते.

2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात आल्यानंतर पोलिश माणसे ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने आली. 2011 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिश ही मुख्य भाषा सांगणारे सुमारे 5 लाख 46 हजार होते. त्यांच्यासाठी दुकानेही निघाली. तरीही माझ्या भागीदारीणबाई, ज्या तेव्हा केवळ शेजारीण होत्या, सदैव कुरकुरत असत, कारण बाटलीतला झुरेक, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे आंबट सार, त्यांना मिळमिळीत लागे आणि इथल्या सुपरमार्केटमधील व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कोबीला कोबी म्हणायलाच त्या तयार नव्हत्या.

एका ईस्टरला त्यांनी घरचा झुरेक वाढला. राईचे (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक धान्य) जाडसर पीठ, उकळून गार केलेले पाणी, लसूण, तमालपत्र आणि ऑलस्पाइस चार-पाच दिवस आंबवून केलेल्या त्या सारात उकडलेले अंडे आणि पांढरे सॉसेज होते. पहिल्याच घोटाला मी म्हणाले, "अहो, ही तर आमची आंबील!" माझे माहेर कोल्हापूरचे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे मी लहानपणापासून ऐकले होते. त्यांच्यातल्या बायकांनी तिथे राईचे पीठ कुठून पैदा केले असेल, हा प्रश्न मात्र मला त्या दिवशी प्रथमच पडला.

स्थानिक परिषदेकडे घरच्याच स्वयंपाकघराची नोंदणी करून आम्ही सुरुवात केली. पहिलीच मोठी खेप अंगाशी आली, कारण आंबवण जिवंत असते आणि बाटलीतही त्याचा वायू सुटत राहतो, हे ठाऊक असूनही गळती नको म्हणून आम्ही झाकणे घट्ट आवळली होती. वाटेत तीन बाटल्या फुटल्या, आणि एका ग्राहकाच्या दारातील गालिचा धुण्याचे पैसे आम्हाला भरावे लागले. तेव्हापासून वायू बाहेर सोडणारी झाकणे वापरतो व माल थंड पेटीतून पाठवतो.

त्फारुग, म्हणजे पोलिश पनीर, जमायला सर्वांत जास्त वेळ लागला. दूध लिंबाने फाडायचे नसते. ते विरजून, दह्यासारखे लागल्यावर, अगदी मंद आचेवर कोमट करून गाळायचे असते. आच थोडी जरी वाढली तरी दाणे रबरासारखे होतात, आणि उकडलेल्या बटाट्यात व परतलेल्या कांद्यात ते मिसळत नाहीत. मग 'पिएरोगी रुस्किए'चे, म्हणजे करंजीसारख्या भरलेल्या पोलिश पदार्थाचे, सारण खरखरीत लागते. (यातील 'रुस्किए'चा संबंध रशियाशी नसून रुथेनिया या जुन्या प्रदेशाशी आहे, हे भागीदारीणबाई प्रत्येक नव्या ग्राहकाला ऐकवतात.) पिएरोगींच्या कडेला त्या घालतात ती झालर आणि करंजीची मुरड यांत मला आजही फरक दिसत नाही, माझी मुरड जास्त बारीक येते, हे त्यांनी फार उशिरा मान्य केले.

12 एप्रिल 2025 पासून, लाळ्या-खुरकूत रोगाच्या भीतीने, युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांना स्वतःपुरतेही दुग्धपदार्थ आणि डुकराचे मांस ब्रिटनमध्ये आणण्यास बंदी झाली. ग्राहकांच्या आयांच्या बॅगेतून येणारा त्फारुग थांबला, आणि आमच्याकडे मागणी इतकी वाढली की भागीदारीणबाईंच्या भावाला शनिवारी गाळणीला बसवावे लागले. दुसऱ्यांच्या अडचणीतून आपला धंदा वाढला, याचा आनंद मात्र तितकासा झाला नाही.

24 डिसेंबरच्या 'विगिलिया'साठी, म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या बिनमांसाच्या जेवणासाठी, बार्श्चचे, म्हणजे बिटाच्या आंबट साराचे, बीट आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आंबवायला घालतो. त्याला सहा-सात दिवस लागतात; म्हणून त्यानंतर फोन करणाऱ्यांना आम्ही बाटली देत नाही, कृती सांगतो आणि लसूण थोडा जास्तच घालायला सुचवतो.