ऑटोबान आणि आपला द्रुतगती मार्ग

"हिटलरच्या रस्त्यावरून गाडी हाणतोस म्हणे!" मामांचा हा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला आणि माझं डोकंच फिरलं. ऑटोबान, म्हणजे जर्मनीतले मोटारींचे महामार्ग, ही हिटलरचीच कल्पना, असा त्यांचा समज. मी रोज जातो तो कोलोन–बॉन रस्ता, म्हणजे आजचा ए ५५५, खुला झाला ६ ऑगस्ट १९३२ला. उद्घाटन केलं कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी. हेच पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर. हिटलर सत्तेवर आला १९३३मध्ये. नंतर नाझींनी या रस्त्याचा दर्जाच उतरवला, म्हणजे पहिल्या ऑटोबानचं श्रेय घ्यायला मोकळे. (फीत कापायची घाई आपल्याकडेच असते असं नाही.)

'ऑटोबान' हा शब्दही नाझींचा नव्हे. तो १९२९मध्ये सुचवला रोबर्ट ओत्सेन यांनी. उत्तरेकडच्या हान्सा शहरांपासून (जुन्या व्यापारी संघातली ही शहरं) फ्रँकफर्टमार्गे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत मोटारींचा रस्ता व्हावा म्हणून झटणाऱ्या संस्थेचे ते प्रमुख. रेल्वेला जर्मनमध्ये म्हणतात 'आयझेनबान': आयझेन म्हणजे लोखंड, बान म्हणजे मार्ग. आपला लोहमार्गच की! ओत्सेननी लोखंड काढून तिथे 'ऑटो' बसवली. ऑटो म्हणजे मोटार हो, रिक्षा नव्हे.

वेगाचा उल्लेख या शब्दात कुठेच नाही. आपण मात्र पाटीवर ठसठशीत 'द्रुतगती मार्ग' लिहितो आणि उजव्या लेनमध्ये कंटेनर डुलत चाललेला असतो. इथे बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा नाही, ताशी १३० किलोमीटर ही नुसती शिफारस. पण मला खरं अप्रूप आहे ते इथल्या ट्रॅफिक जॅमचं. गाड्या रेंगाळू लागल्या की सगळ्यात डावीकडच्या लेनमधले डावीकडे सरकतात, बाकीचे उजवीकडे, आणि मधे अँब्युलन्सपुरती वाट तयार. तीही सायरन ऐकू यायच्या आधी! परवा माझ्यापुढे कॅराव्हॅन ओढणारे एक आजोबा होते. ते इतके कडेला गेले की चाकं पांढऱ्या पट्टीवर चढली. मग हँडब्रेक ओढून निवांत सफरचंद खात बसले. हॉर्न? एकही नाही.

आता लगेच "आपल्याकडे कधी होणार" सुरू करू नका. ए ५५५ पोळपाटासारखा सपाट आहे. यांच्यातल्या कुणी जुलैच्या धुक्यात बोरघाट उतरून दाखवावा, मग बोलू. आणि ए ४५ या दुसऱ्या ऑटोबानवरचा राहमेडेचा पूल? डिसेंबर २०२१मध्ये धोकादायक म्हणून बंद केला, पाडला मे २०२३मध्ये. पूल बंद झाल्यावर ट्रक शिरले शेजारच्या ल्युडेनशाइड शहरात, लोकांच्या खिडक्यांखालून. तिथे जाऊन जर्मन नियोजनाचं कौतुक करून बघा.