काबरची वही : महिना तिसरा

अमळनेरला आमच्या गल्लीत दर रविवारी संध्याकाळी आबांच्या ओट्यावर ५० प्रश्नांची फेरी होते. इतिहास, भूगोल, खेळ, सगळं एकत्र. पहिले दोन महिने मी २६-२७ च्या पुढे सरकलो नव्हतो. या महिन्याचे चार रविवार असे गेले : २९, ३१, ३०, ३६.

फरक पडला तो वहीतल्या तिसऱ्या रकान्यानं. आधी दोनच होते, चुकलेला प्रश्न आणि बरोबर उत्तर. पहिल्या रविवारी विचारलं गेलं, रशियातली ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरप्रमाणे कोणत्या महिन्यात झाली? मी ऑक्टोबर म्हणून बसलो. उत्तर नोव्हेंबर. मी निमूट लिहून घेत होतो, तेवढ्यात आबांनी वहीत डोकावून विचारलं, "पन काबर, भाऊ?" मला सांगता येईना.

घरी येऊन शोधलं. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं, आपल्यापेक्षा १३ दिवस मागे. तिथला २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे आपला ७ नोव्हेंबर. पुढच्या वर्षी त्यांनी कॅलेंडर बदललं आणि ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी उजाडली. १ ते १३ फेब्रुवारी १९१८ या तारखा तिथं आल्याच नाहीत! हे वाचल्यावर नोव्हेंबर विसरणं शक्य नव्हतं. त्याच रात्री पट्टीनं तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'काबर'.

खेळ हा माझा सगळ्यात कच्चा विषय, पण या रकान्याचा खरा फायदा तिथंच झाला. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला, मग घोडेस्वारी स्टॉकहोमला काबर? ऑस्ट्रेलियात बाहेरून येणाऱ्या घोड्यांसाठी विलगीकरणाचे नियम फार कडक होते, म्हणून तेवढ्या स्पर्धा जूनमध्येच स्वीडनमध्ये उरकल्या. मुख्य ऑलिंपिक नोव्हेंबरमध्ये. आणि माझा सगळ्यात आवडता, १९३० चा पहिला फुटबॉल विश्वचषक. मोंतेविदेओच्या अंतिम सामन्यात उरुग्वे आणि अर्जेंटिना चेंडूवरून अडून बसले, प्रत्येकाला आपलाच हवा. शेवटी पहिला अर्धा डाव अर्जेंटिनाच्या चेंडूनं, दुसरा उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ नं पुढे, शेवटी उरुग्वे ४-२ नं विजयी. आधी मी नुसतं '१९३०, उरुग्वे' घोकत होतो. आता गोलफलक तोंडपाठ आहे, न घोकता.

भूगोलात घरचाच प्रश्न चुकलो होतो, तापी पश्चिमेला काबर वाहते? मुलताईला उगम पावून ती सुरतेपुढे समुद्राला मिळते, एवढंच सांगता आलं. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेमधल्या खचलेल्या भागातून तिला पश्चिमेकडे वाट मिळाली, हे आता पक्कं झालं. शाळेपासून तापी बघतोय, पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

राजधान्यांना मात्र हा उपाय पुरत नाही. कॅनबेरा लक्षात राहतं, कारण सिडनी आणि मेलबर्नच्या भांडणातून नवं शहरच वसवावं लागलं. बोलिव्हियाचंही जमतं, सुक्रे संविधानानुसार राजधानी, सरकार ला पाझमध्ये. आफ्रिकेला अजून पाठांतरच करावं लागतंय. रोज पाच, सकाळच्या चहाबरोबर.

येत्या रविवारी दहा प्रश्न काढायची पाळी माझी आहे. नऊ झालेत. दहावा कालच सापडला, आबांची कपाशी बघताना : १८६१ ला अमेरिकेतल्या कोणत्या युद्धात दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला? उत्तर आबांना येणारच. या वेळी 'काबर' मी विचारणार आहे.