शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत

नाशिकमधल्या एका मोठ्या रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते. योजनेची कागदपत्रं, बेवारस रुग्णांचे पत्ते, बिलमाफीचे अर्ज, घरच्यांमधली भांडणं हे सगळं आमच्या टेबलावर येतं. माणूस गेला की देह ताब्यात मिळेपर्यंत नातेवाइकांची जी फरफट होते, ती कमी करणं हेही आमच्याचकडे. कोणाला दुबईहून मुलगा येईपर्यंत शीतपेटी हवी असते, कोणाला दुपारच्या नमाजानंतर दफन उरकायचं असतं. लिंगायत कुटुंब असेल तर अंग आखडायच्या आत देहाला बैठक द्यायची असते. हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. नोकरीत वर्षं घातली की आपोआप कळत जातं. पण ज्या समाजाची माणसं शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, त्यांचं कळणार कधी?

काही वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका शुक्रवारी मी सकाळी आठला कामावर आले तर अतिदक्षता विभागाच्या बाहेर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. अंगात स्वेटर, डोक्यावर छोटी गोल टोपी. बायको पहाटे गेली होती. आदल्या रात्री न्हाणीघरात पडल्या म्हणून त्यांना आणलं होतं. पडल्याची केस म्हणून नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलेलं होतं, आणि आता शवविच्छेदन होणार असं कोणीतरी त्यांना जाता जाता सांगून गेलं होतं. मी ओळख सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताई, आम्ही बेने इस्राएल. आज सूर्य मावळायच्या आत तिला मातीत ठेवायला पाहिजे. उद्या शनिवार आहे."

मी हो म्हटलं. पण त्या वाक्यात किती गोष्टी दडल्या आहेत हे मला पुढच्या दोन तासांत कळत गेलं. बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. ज्यू धर्मात शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत दफन करता येत नाही. म्हणजे आज जमलं नाही तर थेट रविवार. तोवर देह शीतपेटीत, तोही एकटा. गेलेल्या माणसाला दफनापर्यंत एकटं सोडायचं नाही, शेजारी बसून कोणीतरी स्तोत्रं वाचत राहायची, ही त्यांची रीत. देहाला शक्यतो चिरायचं नाही. स्नान घालायचं ते बाईला बायकांनीच, त्यातली रीत माहीत असलेल्यांनी. मग साधं पांढरं कापड. आणि कद्दिश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा प्रौढ पुरुष लागतात. नाशकात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नाही. आजोबा, त्यांचा मुलगा आणि देवळालीचा एक नातेवाईक, इतकेच पुरुष तिथे होते. बाकी सगळं ठाण्यात. तिथे 1879 सालचं शआर हाशामाईम सिनेगॉग आहे, दफनभूमी आहे, आजींची आईही तिथेच आहे. मुलाने ठाण्याला फोन केला होता आणि तिकडे खड्डा खणायला घेतला होता. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. कसारा घाटातली वाहतूक धरून आम्हाला साडेबाराच्या आत गाडी सोडायला हवी होती.

सगळ्यात आधी शवविच्छेदनाचा प्रश्न. इथे स्पष्ट सांगते, धर्माचं कारण पुढे करून नियम वाकवा असं मी कधी म्हणत नाही, तेव्हाही म्हटलं नाही. आजोबांनीही म्हटलं नाही. "कायद्याने करावंच लागणार असेल तर आम्ही आडवे येणार नाही," हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. पण करावंच लागतं का, हे कोणीतरी बसून बघायला नको? बऱ्याचदा 'सेफ साइड' म्हणून देह पाठवून दिला जातो, कारण पाठवला तर कोणी विचारत नाही आणि नाही पाठवला तर सही करणाऱ्याच्या मानेवर येतं. आजींची जुनी फाइल मी रेकॉर्ड रूममधून काढली. हृदयाचा त्रास जुना होता. रात्रीचा ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, रात्रपाळीच्या डॉक्टरांची टिपणं, सगळं एकच सांगत होतं: झटका आधी आला आणि त्यामुळे त्या पडल्या. कपाळावर फक्त एक टेंगूळ. फिजिशियन मॅडम ओपीडी सोडून वर आल्या, फाइल दोनदा वाचली आणि मृत्यूचं कारण स्वतःच्या हाताने लिहून सही केली. हवालदारसाहेबांनी मुलाचा आणि सुनेचा जबाब घेतला, कोणावर संशय नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही. दोन पंच बोलावून पंचनामा झाला. त्यांनी वरिष्ठांशी फोनवर बोलून शवविच्छेदनाची गरज नाही असा शेरा दिला. त्यात अकरा वाजले.

दरम्यान आजोबा आजींजवळून हलायला तयार नव्हते. देह शवागारात न पाठवता वॉर्डाच्या कडेच्या छोट्या खोलीत ठेवायची परवानगी मी मिळवली होती. पण ते पहाटेपासून उपाशी, त्यात साखरेचे रुग्ण. हात थरथरायला लागले होते. त्या पाळीच्या सिस्टर मराठी ख्रिस्ती, शरणपूरच्या. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जात असताना सुटलेली मुलं तिथे शिकली आणि त्यांतले काही पुढे आफ्रिकेत शोधमोहिमा काढणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या तांड्यात होते. आता तो शहराचा मधोमधचा भाग आहे. सिस्टर खोलीत गेल्या, आजोबांच्या समोर वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा, तुम्ही खाली जाऊन दोन घास खाऊन या. मी बसते आजींपाशी. दाविदाची स्तोत्रं आमच्याकडेही आहेत. तेवढीच वाचीन. येशूचं नाव येणार नाही."

आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग खिशातून एक जुनं, कडा काळवंडलेलं छोटं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. सिस्टरांनी उघडलं तर अक्षरं हिब्रू. त्यांनी ते मिटून आजींच्या उशाशी ठेवलं, स्वतःचा मोबाइल काढला आणि मराठीतून वाचायला लागल्या. आजोबा दारात उभे राहून पहिलं स्तोत्र संपेपर्यंत ऐकत होते, मगच खाली गेले. मला त्या सिस्टरांचं फार मोठं वाटतं. मदत करायला धावणारे पुष्कळ असतात. आपल्या मदतीतून आपला धर्म समोरच्याच्या दुःखात शिरू नये इतकं भान फार थोड्यांना असतं.

असाच एक क्षण थोड्या वेळाने आला. शेजारच्या बायका आल्या होत्या. त्यांतल्या एका काकूंचं आणि आजींचं तीस-पस्तीस वर्षांचं येणंजाणं. आजी नऊवारीतल्या नसल्या तरी पातळ, हिरव्या बांगड्या, गळ्यात काळे मणी, सगळं होतं. काकू येताना हळदीकुंकवाचा करंडा आणि ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या. सवाष्ण गेली, तिला तसंच कसं पाठवायचं? त्यांनी करंडा उघडून बोट बुडवलं आणि सून म्हणाली, "काकू, आमच्यात नाही लावत." काकूंचं बोट तसंच हवेत. मला वाटलं आता रुसवाफुगवा होणार. काकूंनी पदराला बोट पुसलं, करंडा पिशवीत टाकला आणि विचारलं, "मग मी काय करू तिच्यासाठी? ते सांग." सुनेने सांगितलं, अंगावरचे दागिने उतरवायचे आहेत. दोघींनी मिळून बांगड्या काढल्या. एक अडकत होती, काकूंनी साबण लावून ती अगदी अलगद काढली आणि सगळ्या रुमालात बांधून सुनेच्या हातात दिल्या. मग मला म्हणाल्या, "हिच्या हातचा मलिदा खाल्लाय मी दरवेळी. गोड पोहे, ओला नारळ, वेलची, वर फळं. एलियाहू नबीचा. कुंकवाचं मात्र कधी विचारलंच नाही बघा."

बाहेर आजोबांचे प्रेसमधले एक जुने सहकारी बसले होते. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये दोघांनी उमेदीची वर्षं काढली. ते मुसलमान, जुन्या नाशकात राहतात. घाटात ट्रॅफिक अडकलंय असं कोणीतरी सांगितल्यावर ते उठून आजोबांकडे आले. "वेळेत पोचणं जमत नसेल तर आपल्या कब्रस्तानात जागा बघतो. ट्रस्टींशी मी बोलतो, कोणी नाही म्हणणार नाही. पण भाभींना रविवारपर्यंत पेटीत ठेवायचं नाही." आजोबांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "ती आईशेजारी जायचं म्हणायची." त्यावर त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. खाली जाऊन शववाहिकेच्या चालकाला गाडी तोंड बाहेर करून लावायला सांगितली आणि स्वतःची गाडी पुढे काढली, रस्ता दाखवायला.

सगळंच असं झालं नाही. 'इस्राएल' हा शब्द कानावर पडल्यावर दुसऱ्या एका रुग्णाचा नातेवाईक आजोबांशेजारी येऊन बसला आणि युद्ध, रणगाडे, मोसाद यावर उत्साहाने बोलायला लागला. "तुमच्या लोकांनी दाखवून दिलं हो!" पलीकडच्या बाकावरचा एक तरुण तेच ऐकून तोंड फिरवून उठून गेला. बायको जाऊन सहा तास झालेला माणूस मध्ये बसलेला. एकाने त्याला डोक्यावर घेतलं, दुसऱ्याने टाकलं, आणि दोघांनाही तो दिसलाच नाही. आजोबा शांतपणे म्हणाले, "मी तिकडे एकदाही गेलेलो नाही. माझा जन्म अलिबागचा." मी त्या गृहस्थांना तिथून उठवलं, जरा कडकपणेच.

अलिबागचं आजोबांनी मला नंतर, पंचनाम्याची वाट बघताना सांगितलं. त्यांच्या समाजाची आठवण अशी की फार जुन्या काळी नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि कोकणात राहिल्या. गावावरून आडनावं पडली, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. धर्माची पुस्तकं हरवली, भाषा मराठी झाली, पण शनिवार सुटला नाही. त्या दिवशी मी घड्याळाकडे बघत पळत होते ती वेळ किती जुनी आहे, हे मला तेव्हा उमगलं.

बारा वाजून वीस मिनिटांनी गाडी निघाली. चारच्या आसपास ते ठाण्यात पोचले. तिथल्या बायका स्नानासाठी तयार होत्या, पुरुष दहापेक्षा जास्त जमले होते. सव्वापाचला मुलाचा फोन आला, झालं म्हणून.

माझं काम मात्र तिथे संपलं नव्हतं. संध्याकाळी मृत्यू नोंदणीचे कागद तपासायला घेतले. नमुना क्रमांक 2 मध्ये धर्माचा रकाना असतो: हिंदू, मुस्लीम, ख्रिश्चन, आणि चौथा इतर, ज्यात नाव लिहायचं. आमच्या क्लार्कने आजींचं बायबलमधलं नाव बघून ख्रिश्चनवर खूण केली होती. मी दुरुस्त करायला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, दाखल्यावर धर्म छापूनच येत नाही. घरच्यांना कळणारसुद्धा नाही." खरंच, तो भाग फक्त आकडेवारीसाठी वर जातो. पण म्हणूनच मला ते जास्त लागलं. भारतात ज्यूंची सगळी संख्या काही हजारांची. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. जे राहिले त्यांनी मागणी लावून धरली तेव्हा 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत ते आजही नाहीत. ज्यांचं असणं सरकारदरबारी इतक्या उशिरा मान्य झालं, त्यांच्यातलं एक माणूस घाईने मारलेल्या एका खुणेत पुसून टाकायचं? आजींनी आयुष्यभर दर शुक्रवारी दिवा लावला होता. क्लार्क वाईट मुलगा नाही. मी हे सांगितल्यावर त्याने नवा फॉर्म घेतला, 'इतर'वर खूण केली, मला विचारलं, "ज्यू लिहू की यहुदी?" मी म्हटलं, सुनेला फोन करून विचार. त्याने विचारलं आणि त्या म्हणाल्या तसं लिहिलं.

त्यानंतर मी शवागारासाठी एक पानाची सूचना तयार केली. ज्यू, पारशी, बोहरी, लिंगायत, शीख, महानुभाव, प्रत्येक समाजातल्या जाणत्या माणसाला विचारून, काय करावं आणि काय करू नये एवढंच. ज्यूंच्या ओळी आजोबांनी स्वतः सांगितल्या. सात दिवसांचं सुतक संपल्यावर ते मुद्दाम आले होते, सिस्टरांना भेटायला. मासिक बैठकीत ते पान मांडलं तेव्हा एका वरिष्ठांनी विचारलं, वर्षातून किती ज्यू रुग्ण येतात? मी सांगितलं की बहुतेक वर्षी एकही येत नाही, म्हणूनच लिहून ठेवायला हवं, कारण येतील तेव्हा आपल्यापैकी कोणाला आठवणार नाही. पान मंजूर झालं आणि शवागाराच्या दारामागे लागलं. कॉम्प्युटरमधल्या प्रवेशनोंदीच्या यादीत धर्माखाली ज्यू हा पर्याय अजून नाही. ती यादी वरून बदलावी लागते. पत्र दिलेलं आहे, आणि साहेब बदलले की नवीन साहेबांना मी त्याची प्रत देते.