पाय मोडेना! लॅपटॉपचा कीबोर्ड वॉरंटीत बदलून घेतला त्याचा अनुभव

मी साताऱ्यात घरून मराठी टायपिंगचं काम करते. पीएचडीचे प्रबंध, वकिलांचे कागद, कोणाचं आत्मचरित्र, जे येईल ते. माझा लॅपटॉप म्हणजे माझं दुकानच आहे, त्यामुळे त्याचं एक बटण बिघडलं तेव्हा काय काय झालं ते सगळं सविस्तर लिहिते, कारण मला त्या महिन्यात असं लिहिलेलं कुठेच सापडलं नाही आणि सापडलं असतं तर माझे निदान दहा दिवस वाचले असते.

मी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ह्यात डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, आणि इंग्रजी डी जिथे असतो तिथे पाय मोडायचं बटण. जोडाक्षर आलं की डावं मधलं बोट त्या डीवर जातंच, रफार असो नाहीतर त्र असो. इंग्रजी टाइप करणाऱ्याला डी हे एक साधं अक्षर आहे पण माझ्यासाठी ते बटण गेलं तर भाषाच तुटते.

एप्रिलमध्ये एका गुरुजींचं काम चालू होतं. पाटण तालुक्यातले निवृत्त शिक्षक, वय ८२, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी त्यांनी शाळेच्या वह्यांत लिहून ठेवल्या आहेत. त्या वह्यांमध्ये उद्ध्वस्त हा शब्द पानापानावर आहे, आणि ह्या एका शब्दात तीनदा पाय मोडावा लागतो. एके दिवशी स्क्रीनवर बघते तर उदधवसत. परत टाइप केलं तर उद्धवसत. पुढच्या वेळी बटण एकदाच दाबलं तरी पाय दोनदा आला, आणि असं झालं की अक्षराच्या शेजारी ते ठिपक्यांचं गोल वर्तुळ उमटतं ना, तसं ओळभर झालं. ज्या माणसाने डोळ्यांनी घरं पडताना बघितली त्याचा शब्द असा मोडका छापायला गेला असता तर मला फार वाईट वाटलं असतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक पान दोनदा वाचायला लागले आणि दिवसाला १५ पानं व्हायची तिथे ६ व्हायला लागली.

आधी घरच्या घरी जेवढं तपासता येतं तेवढं तपासलं. रीस्टार्ट केलं, कीबोर्डचा ड्रायव्हर काढून परत टाकला, सेटिंगमध्ये फिल्टर कीज चालू नाहीत ना ते बघितलं (ते चुकून चालू झालं तरी बटणं दाबलेली लागत नाहीत, त्यामुळे हे आधी बघाच). मग साडेचारशे रुपयांचा यूएसबी कीबोर्ड आणून जोडला, त्याच्यावर दोन तास सलग काम केलं, एकही पाय चुकला नाही. म्हणजे विंडोज ठीक, मराठीची सेटिंग ठीक, दोष त्या लॅपटॉपच्याच कीबोर्डात. आणि एक लक्षात आलं, लॅपटॉप सकाळी चालू केला की पहिली वीस पंचवीस मिनिटं डी नीट चालायचा, मशीन गरम झालं की मग बिघडायचा. हे मी वहीत वेळेसकट लिहून ठेवलं आणि ते पुढे फार उपयोगी पडलं.

आता वॉरंटी. कंपनीच्या साइटवर लॅपटॉपखालचा सिरियल नंबर टाकला तर वॉरंटी २ मे ला संपली असं दाखवलं, आणि त्या दिवशी तारीख होती १४ मे. मला घामच फुटला, कारण बिल ९ जूनचं होतं, वर्ष पूर्ण व्हायला जवळजवळ महिना बाकी. कस्टमर केअरला फोन लावला तेव्हा कळलं की खरेदीची तारीख त्यांच्याकडे नोंदलेली नसेल तर सिस्टीम माल कंपनीतून निघाल्याच्या तारखेपासून वर्ष मोजते. दुकानात तो पीस महिनाभर पडून होता, तो महिना माझ्या नावावर कापला गेला होता. त्यांनी जीएसटी बिलाचा फोटो मेल करायला सांगितलं. आता बिलावर फक्त मॉडेल लिहिलेलं, सिरियल नंबरच नाही! पोवई नाक्याजवळच्या त्या दुकानात गेले, दुकानदार म्हणाले, ताई काळजी करू नका, आणि त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरमधून नंबर टाकून बिल परत काढून सही शिक्का मारून दिलं. भला माणूस. चार दिवसांनी साइटवर तारीख बदलली आणि मगच तक्रार नोंदवून घेतली, केस नंबर मिळाला. लॅपटॉप घेतला की त्याच आठवड्यात साइटवर ही तारीख बघून घ्या, बिघाड व्हायची वाट बघू नका.

घरी माणूस येईल असं मी धरून चालले होते, पण माझी वॉरंटी कॅरी इन निघाली, म्हणजे मशीन आपण सर्व्हिस सेंटरला न्यायचं. साताऱ्यात त्यांचं सेंटर नाही, पुण्याला जायचं.

जायच्या आधी तीन कामं केली. सगळ्या फाइलींची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. लॅपटॉपवर एक वेगळं साधं अकाउंट बनवलं, कारण सेंटरवाले पासवर्ड मागतात आणि माझ्या मशीनमध्ये लोकांचे अप्रकाशित प्रबंध आणि कोर्टाची कागदपत्रं असतात, ती कोणाच्या हातात द्यायचा मला अधिकार नाही. आणि मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जाऊन बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावतं ते कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली. मग फोन स्टँडला लावून व्हिडिओ काढला, बोट डीवर आणि स्क्रीन दोन्ही दिसेल असा, लॅपटॉप गरम झाल्यानंतरचा, सहा मिनिटांचा. शिवाय लॅपटॉपचे चारही बाजूंनी फोटो.

२१ मे ला सकाळची विनाथांबा एसटी पकडली, महिलांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे खर्चाचं ओझं वाटलं नाही. खंबाटकीपासून स्वारगेटपर्यंत बॅग मांडीवर घट्ट धरून बसले होते, तिथून मेट्रोने गेले. सेंटरमध्ये टोकन, तासभर बसणं, मग एक तरुण इंजिनिअर आला. त्याने टेस्टिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, बटणांचं चित्र आलं, डी दाबला, चौकोन हिरवा झाला. मॅडम चालतंय की, म्हणाला. मी म्हटलं दादा, तुम्ही एकदा दाबलंत, मी दिवसाला हजारो वेळा दाबते, आणि मशीन अजून थंड आहे. तो म्हणाला आमच्या टेस्टमध्ये पास झालं की आम्हाला पार्ट मागवता येत नाही. मग मी विनंती केली की मला अर्धा तास इथे बसून टाइप करू द्या. त्याने करू दिलं हे मला आवर्जून सांगायचंय. नोटपॅड उघडून उद्ध्वस्त, उद्ध्वस्त असं लिहीत बसले. चोविसाव्या मिनिटाला पाय गेला. त्याला बोलावलं, त्याला मराठी वाचता येत होतं पण इनस्क्रिप्ट माहीत नव्हतं, मी डीवर बोट ठेवून दाखवलं की हे बटण दाबलं की द आणि ध जोडले जातात, बघा आता जोडलेच नाहीत. त्याने स्वतः दाबून बघितलं, दोनदा लागलं, तिसऱ्यांदा नाही. मान हलवली आणि जॉब शीट, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचा कागद केला. त्याच्यावर मी आग्रहाने लिहून घेतलं: बाहेरून डाग किंवा मार नाही, आत पाणी गेल्याची खूण नाही. आतमध्ये छोटे पांढरे स्टिकर असतात, ओल लागली की लाल होतात, त्याने मागचं झाकण उघडून माझ्यासमोर बघितले, पांढरेच होते.

दोन दिवसांनी फोन आला, वॉरंटी नाकारली! कारण काय, तर बटणांवर मी देवनागरी अक्षरांचे पारदर्शक स्टिकर लावलेत. माझ्याकडे दोन मुली टायपिंग शिकायला येतात त्यांच्यासाठी लावले होते. फोनवरच्या बाई म्हणाल्या ही कस्टमरने केलेली डॅमेज धरली जाते, दुरुस्ती हवी असेल तर ९,४०० रुपये, कारण कीबोर्ड सुटा मिळत नाही, वरच्या पत्र्याला रिवेट केलेला असतो, पूर्ण वरचा भाग बदलावा लागतो. (हे रिवेटचं मात्र खरं आहे, हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये तसंच असतं.)

मला खूप राग आला. इंग्रजी बटणांचा लॅपटॉप विकायचा, मराठी माणसाने स्वतःच्या पैशाने त्यावर स्वतःची अक्षरं लावायची आणि मग तीच अक्षरं त्याच्याविरुद्ध पुरावा? पण फोनवर भांडले नाही. त्यांना तीनच गोष्टी मेल केल्या. एक, स्टिकर ४७ बटणांवर आहेत, बिघाड एकाच बटणात आहे. दोन, स्टिकर वरच्या टोपीवर आहे, बटण गरम झाल्यावर लागत नाही म्हणजे दोष खाली आहे, स्टिकर काढून तपासा, मी परवानगी देते. तीन, वॉरंटी कार्डातल्या कुठल्या कलमाने स्टिकरला मनाई आहे ते मला लेखी कळवा. सोबत व्हिडिओ आणि जॉब शीट जोडली.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, मराठीत बोलता येतं, मी सगळं मराठीतच सांगितलं. त्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर दिला. बऱ्याच मोठ्या कंपन्या ह्या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत त्यामुळे तक्रार थेट कंपनीच्या तक्रारी बघणाऱ्या खात्यात जाते. तिथे काही झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.

जायची वेळ आली नाही. २९ मे ला कंपनीच्या मुख्य ऑफिसमधून एका गृहस्थांचा फोन आला, मॅडम व्हिडिओ बघितला, पार्ट मंजूर केलाय. स्टिकरचा विषयच काढला नाही. मी विचारलं की पार्ट येईपर्यंत ९ जून उलटला तर? म्हणाले केस वॉरंटीत असताना उघडली आहे, तीच तारीख धरतात. मी म्हटलं हेच मेलवर पाठवा, आणि त्यांनी पाठवलं.

१० जूनला लॅपटॉप आणायला परत पुण्याला. ह्या वेळी काउंटरवरच बसून अर्धा तास टाइप केलं, तोच इंजिनिअर शेजारी उभा राहून बघत होता. चालू केल्यावर आधी निळा स्क्रीन आला होता, त्यांनी बायोस (मशीन चालू करणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यामुळे रिकव्हरी की मागत होता, पर्समधून कागद काढला आणि ४८ आकडे टाकले. तो कागद नसता तर तसंच साताऱ्याला परत यावं लागलं असतं. निघताना तो इंजिनिअर म्हणाला, मॅडम, ते पाय मोडायचं बटण मी आता लक्षात ठेवलंय, मराठी टायपिंगवाले आले की गरम करून तपासतो.

घरी आल्यावर दोघी मुलींनी नवीन स्टिकर लावले, मी लावू दिले. रात्री गुरुजींना फोन केला की पुस्तक पुढे चालू होतंय. ते म्हणाले, मग पाचवी वही उद्याच्या गाडीने पाठवतो.