दर्या की दऱ्या

पितृपक्षातला गुरुवार, रात्री साडेदहा

दिवाळी अंकांच्या हंगामात रोजनिशीला रजाच द्यावी लागते; पण आज दिवसभरात जे झाले ते लिहून ठेवले नाही, तर पुढच्या वर्षी तीच चूक माझ्या हातून पुन्हा होईल, म्हणून जेवणानंतर परत टेबलाशी बसले आहे.

सकाळी पुण्याच्या अंकाकडून दापोलीच्या सरांची कथा मुद्रितशोधनासाठी आली. सरांचा मजकूर त्यांच्या गावातला डीटीपीवाला अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारा अक्षरांचा समान संकेत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टंकतो. तो फॉन्ट माझ्या संगणकावर नसल्यामुळे फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता भुसा दिसतो. हे दरवर्षीचेच आहे. गेली ९ वर्षे मी असा मजकूर एका वेबपानावरच्या चौकटीत टाकते, एक बटण दाबते आणि खालच्या चौकटीत वाचण्याजोगी मराठी उतरते. ते पान कोणी तयार केले, ते चालू ठेवण्याचा खर्च कोण सोसते, याची चौकशी मी कधी केली नाही. आज ते उघडलेच नाही. तासभर वाट पाहून मी दुसरा कन्व्हर्टर शोधला आणि २६ पानांची कथा त्यात ओतून मोकळी झाले. कोणाची तरी अप्रकाशित कथा आपण अनोळखी उंबरठ्यावर ठेवून आलो, हे बटण दाबून झाल्यावर सुचले.

मजकूर वरवर स्वच्छ उतरला होता. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘स्थिती’ या शब्दात पहिली वेलांटी आधी आणि ‘स्थ’ नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, त्यामुळे कन्व्हर्टरला ती वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवावी लागते, आणि ‘मूर्ती’मधला शेवटी टाकलेला रफार ‘ती’च्या आधी आणावा लागतो. एवढी उचलठेव या नव्या कन्व्हर्टरने बिनचूक केली होती, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला. चौथ्या पानावर ‘वार्याने’ दिसले, त्याच्या खाली ‘किनार्यावर’. मग लक्षात आले की जुन्या फॉन्टमधला ‘य’च्या डाव्या अंगाला चिकटणारा तो आडवा अर्धा ‘र’ या कन्व्हर्टरला ठाऊकच नव्हता, आणि जिथे जिथे ‘ऱ्य’ हवे होते तिथे त्याने सरसकट ‘र्य’ करून ठेवले होते.

मला हे आधीच कळायला हवे होते, कारण मागच्या वर्षी मी याच खड्ड्यात पडले होते. एका लग्नाच्या कथेत ‘आचाऱ्यांनी भाताचे पातेले उतरवले’ असे वाक्य होते, आणि ते छापून आले ‘आचार्यांनी’ असे. एका वाचकाने पोस्टकार्ड धाडून विचारले की हे आचार्य कोणत्या पीठाचे. अंकाने ते कार्ड माझ्याकडे पाठवले. ते अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहे. जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या जुळणीतली चूक बहुधा डोळ्यांना टोचायची: उलटे पडलेले अक्षर, गळलेली मात्रा. कन्व्हर्टर करतो ती चूक मात्र नीटनेटका, कोशात सापडणारा शब्द घेऊन येते आणि वाचणाऱ्याला तिची शंकाही येत नाही.

पोस्टकार्ड समोर असूनही आज मी काय केले, तर फाइलमधले सगळे ‘र्य’ एका फटक्यात बदलून ‘ऱ्य’ केले. वारे आणि किनारे सुधारले. सूर्य मात्र ‘सूऱ्य’ झाला, आश्चर्य बिघडले, आणि कोकणातली कथा असल्यामुळे पानोपानी असलेल्या दर्याच्या दऱ्या झाल्या. बदल मागे घेतला आणि १७३ जागा एकेक करून पाहिल्या. त्यात दुपार गेली.

गंमत म्हणजे शोधसुद्धा पूर्ण विश्वासाचा नाही. पडद्यावर हुबेहूब सारखा दिसणारा ‘ऱ्य’ आत दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण देऊन. संपादिकेने गूगल डॉक्समध्ये केलेल्या दुरुस्त्या एका पद्धतीच्या होत्या आणि माझ्या दुसऱ्या, त्यामुळे ‘दुसऱ्या’ शोधले तर निम्मेच सापडत होते. ‘ॲ’ची कथाही तीच, त्याला स्वतंत्र जागा युनिकोडमध्ये २००८ साली मिळाली, आणि त्याआधीच्या सवयीने ‘अ’वर चंद्र देणारे आजही पुष्कळ आहेत.

संध्याकाळी एक काम मात्र चुटकीसरशी झाले. ‘आगोटीची बेगमी’ (पावसाळ्याच्या तोंडाशी करायची साठवण) या शब्दांपाशी संपादिकेने समासात विचारले होते की हे बरोबर आहे ना. ती नागपूरची आहे, तिच्या कानावर हा शब्द येण्याचे कारण नाही. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती वेबवर शोधता येईल अशी ठेवली आहे. तिथली ‘आगोट’ची नोंद मी तिला उत्तरात जोडून दिली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीत नगर वाचनालयात पाणी शिरले आणि पुस्तकांचा लगदा झाला, तेव्हापासून या कोशाच्या पानाकडे मी जरा जास्तच आदराने पाहते. पण सकाळचा अनुभव ताजा असल्यामुळे तेही पान उद्या उघडले नाही तर काय, असे आज पहिल्यांदाच वाटले.

रात्री एकच जागा उरली. एकोणिसाव्या पानावर नायकाची आई म्हणते, ‘दर्या ओलांडून गेलेला माणूस परत येत नाही.’ समुद्र की सह्याद्रीच्या दऱ्या? वाक्य दोन्हीकडे बसते, आणि कन्व्हर्टरने मूळचा पुरावा पुसलेला. मूळ फाइल उघडून पाहिली, तर त्या भुशात नेमके कोणते चिन्ह कशासाठी आहे हे मला लागेना. डीटीपीवाल्याचे दुकान बंद झाले होते. साडेनऊ वाजून गेले असतानाही धीर करून सरांना व्हॉट्सॲप केले.

सरांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. बोटे थरथरतात म्हणून ते फोनवर बोलून टंकतात, आणि त्यांच्या निरोपात स्वल्पविराम, पूर्णविराम काही नसते. दहा मिनिटांनी उत्तर आले, आडव्या अर्ध्या ‘र’सकट: ‘दऱ्या ताई तो घाट चढून कोल्हापूरला गेला आहे समुद्राकडे कशाला जाईल’